भुलीची धास्ती आणि शेवटची दाढ

माळशिरस तालुक्यात दाढदुखीवर पहिला उपाय लवंगेचा, दुसरा मेडिकलमधल्या गोळीचा आणि तिसरा 'ऊस तुटून जाऊ दे, मग बघू' हा. हे तिन्ही थकले की माणूस दाताच्या डॉक्टरकडे पोचतो. माळशिरसला, नातेपुत्याला, नाहीतर अकलूजला. तोवर गाल सुजलेला असतो आणि तोंडात धड दोन बोटंही मावत नाहीत. पण खुर्चीत बसल्यावर दाढेविषयी तो फारसं काही विचारत नाही. त्याचा प्रश्न वेगळाच असतो : "भूल देणार व्हय? आन् जाग नाय आली तर?"

"अहो दादा, तेवढी भूल नाही देत दाढेला," असं म्हणून डॉक्टर हसतात आणि सुई भरायला घेतात. प्रश्न तिथेच विरतो. खरं तर तो विरू देण्याजोगा नाही. त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग खरोखर धडकी भरवणारा आहे. शिवाय समोरचा माणूस घाबरलेला आहे, ही गोष्ट डॉक्टरला त्याच्या रक्तदाबाच्या आकड्याइतकीच उपयोगाची असते. धास्ती लपवायची नसते, सांगायची असते. का, ते या प्रकरणात पाहू.

जागा न मिळालेली दाढ

प्रौढ माणसाचे दात ३२. त्यांतल्या अगदी मागच्या ४ दाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. शिजवलेलं, मऊ अन्न खायची सवय लागली तसा माणसाचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेला; दाढांची संख्या मात्र फारशी घटली नाही. त्यामुळे खालच्या शेवटच्या दाढेला सरळ वर यायला बऱ्याचदा जागाच उरत नाही. मग ती पुढच्या दाढेवर कलते, आडवी पडते, नाहीतर हाडातच रुतून राहते.

अर्धवट वर आलेली दाढ सगळ्यांत त्रासाची. तिच्यावर हिरडीची झडप शिल्लक राहते आणि त्या झडपेखाली शेंगाचटणीचे कण, भाकरीचा चुरा, सुपारीचा भुगा जाऊन बसतो. ब्रश तिथवर पोचत नाही. जंतू माजतात, हिरडी सुजते, गिळताना कळ थेट कानापर्यंत जाते आणि जबडा आखडतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अधिमांसक' नावाचा विकार सांगितला आहे : जबड्यातल्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, भारी ठणका आणि लाळ गळणं. वाढलेलं मांस कापून तिथे मधात कालवलेली चूर्णं लावावीत, असा त्यावर उपाय दिला आहे. आजचे डॉक्टरही काही रुग्णांत दाढ न काढता नुसती ही झडप कापतात.

अडकलेली प्रत्येक दाढ काढावी लागते असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की, ज्या अडकलेल्या दाढेला काही आजार नाही ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार सूज, भरता न येणारी कीड, शेजारच्या दाढेची झीज किंवा दाढेभोवती झालेली गाठ, ही काढण्याची खरी कारणं. तेव्हा डॉक्टरला विचारायचा पहिला प्रश्न 'दुखेल का' हा नसून 'का काढायची' हा आहे. त्याचं उत्तर पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, ज्याला ओपीजी म्हणतात त्यावर, बोट ठेवून दाखवता येतं. दाढ काढायची असं ठरलंच, तर विनाकारण वर्षानुवर्षं लांबवू नये. पंचविशीनंतर मुळं पूर्ण वाढलेली असतात, भोवतीचं हाडही घट्ट होत जातं, आणि तीच दाढ काढायला जास्त जड जाते.

डोळा अधू होतो का?

भुलीच्या बरोबरीने दुसरी धास्ती डोळ्याची. वरची दाढ काढली की नजर कमी होते, हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. ही समजूत कुणा अडाण्याने उठवलेली नाही. सुश्रुताच्या चिकित्सास्थानातच बजावलं आहे की वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये. रक्त फार जाऊन माणूस काणा होतो, त्याचं तोंड वाकडं होतं. वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडातली पोकळी असते आणि तिच्यावर डोळ्याची खोबण. जंतुसंसर्गावर औषधच नव्हतं त्या काळात तो वर चढला तर डोळ्यावर बेतणं अशक्य नव्हतं.

आज ही भीती धरायचं कारण उरलेलं नाही. दातांची संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने दुसरीला धक्का लागत नाही. ज्याची चौकशी करावी असा धोका खालच्या जबड्यात आहे. तिथे हाडाच्या आतून एक नस जाते. शेवटच्या दाढेची मुळं तिला टेकलेली असतील तर दाढ काढल्यावर खालचा ओठ आणि हनुवटी काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकते. क्वचित ती बधिरता कायमची उरते. ही नस मुळांपासून किती लांब आहे तेही ओपीजीवर दिसतं. ते विचारावं.

भुलीची सुरुवात दाढेपासून

शस्त्रक्रियेतल्या भुलीचा इतिहास सांगताना दाताच्या खुर्चीला वगळून चालत नाही. १० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात 'हसवणाऱ्या वायू'चा जाहीर खेळ झाला. वायूच्या अमलाखाली एकजण धडपडला, त्याचा पाय सोलवटून निघाला, पण त्याला ते कळलंच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दातांचा डॉक्टर बसला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने खेळवाल्या कोल्टनला बोलावून घेतलं, स्वतः वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपली दुखरी दाढ काढवली. १८४५ च्या जानेवारीत बोस्टनला त्याने हाच प्रयोग जाहीरपणे करून दाखवला, तर रुग्ण कण्हला आणि प्रेक्षकांनी वेल्सची हुर्यो उडवली. पुढे १६ ऑक्टोबर १८४६ ला त्याच बोस्टनमध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी झाला. तो करणारा विल्यम मॉर्टन हाही दातांचाच डॉक्टर, वेल्सचा जुना भागीदार. १८४७ च्या मार्चमध्ये ईथर कलकत्त्याला पोचलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणलं. वास गोड, परिणाम झटपट, जवळ फक्त एक बाटली आणि फडकं असलं की झालं. पण अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ ला, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. शस्त्रक्रिया होती पायाचं नख काढण्याची. मुलगी आधीपासून भेदरलेली होती, रडत होती.

क्लोरोफॉर्मने माणूस का मरतो, यावर पुढची साठ वर्षं वाद चालला. त्यातला एक मोठा अंक सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या निजामाच्या राज्यात घडला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं होतं की, भूल देताना श्वासाकडे लक्ष ठेवलं की पुरे. हृदय आपणहून बंद पडत नाही. हे पडताळायला १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्यासाठी लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाचा प्रतिनिधी यावा म्हणून निजामाने १,००० पौंड दिले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला.

तो निकाल अपुरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवर दाखवून दिलं की, क्लोरोफॉर्मची भूल अर्धवट असताना रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं, तर हृदयाची लय अचानक कोलमडते. अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे भीतीच्या वेळी आपलंच शरीर सोडतं ते रसायन. हॅनासारख्या भेदरलेल्या रुग्णांचं कोडं इथे उलगडलं. क्लोरोफॉर्मच्या जमान्यात भुलीला घाबरण्यात तथ्य होतं, आणि घाबरणं हेच भूल जास्त धोक्याची व्हायचं एक कारण होतं.

आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेल्या गोष्टी त्या जमान्यातल्या. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. आधी गांधीजींकडून लेखी संमती घेण्यात आली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. त्या काळी रुग्णाचा श्वास, नाडी, रंग हे सगळं भूल देणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि बोटांवर अवलंबून होतं. क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियेच्या खोलीतून हद्दपार झालं आहे. त्याची भीती मात्र बोलण्यातून पुढच्या पिढ्यांकडे आली.

दाढेला मिळते ती सुई

शेवटची दाढ काढताना बहुतेकांना झोपवतच नाहीत, फक्त तेवढा भाग बधिर करतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्याचा श्वास त्याच्याच ताब्यात असतो, त्यामुळे जाग न येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सुईतलं औषध असतं लिग्नोकेन. ते १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलं; त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने त्याच्या सुया स्वतःला टोचून पाहिल्या. १९४८ पासून ते बाजारात आहे.

नसेतून वेदनेचा निरोप जातो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्याने. नसेच्या आवरणात त्यांच्यासाठी बारीक दारं असतात. लिग्नोकेन ती दारं आतून अडवतं. नीरा उजव्या कालव्याला पाणी असूनही चारीचं दार पाडलं की शेत कोरडं राहतं, तसंच हे. दाढेशी जे घडायचं ते घडतं, मेंदूला खबर लागत नाही. दोन-तीन तासांत औषध रक्तात वाहून जातं आणि दारं पुन्हा उघडतात.

खालच्या दाढेसाठी ही सुई दाढेजवळ देत नाहीत. तोंड मोठं उघडायला लावून, जबड्याच्या मागच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे औषध सोडतात. सुई लांब दिसते ती यासाठी. तीन-चार मिनिटांत खालच्या ओठाच्या अर्ध्या भागाला आणि जिभेच्या एका कडेला मुंग्या येतात, ओठ सुजल्यासारखा वाटतो. आरशात पाहिलं तर तो होता तेवढाच असतो. मुंग्या आल्या नाहीत तर तसं सांगावं. ही नस प्रत्येकाची अगदी एकाच जागी नसते, आणि दुसरी सुई द्यावी लागली तर काही बिघडलं असं नव्हे.

प्रमाणाचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे सर्रास वापरतात ते औषध २ टक्क्यांचं. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. एका दाढेला ४ मिलिलिटर लागलं असं धरलं तर ८० मिलिग्रॅम झाले. अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम मानतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. दाढेला लागतं ते त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत.

हो, या सुईतही अ‍ॅड्रेनॅलिन असतं. ८०,००० भागांत १ भाग. रक्तवाहिन्या आकसाव्यात, रक्त कमी जावं आणि औषध जागेवर जास्त वेळ टिकावं म्हणून ते घालतात. सुई दिल्यावर मिनिटभर छातीत धडधडतं ते बऱ्याचदा यामुळे. त्यात आपल्या भीतीचं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलं की 'मला औषध बाधलं' असं वाटतं. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मिळ आहे. पण हृदयाचा आजार असेल तर हे धडधडणं किरकोळ समजू नये. म्हणून तो आजार आधीच सांगायचा. डॉक्टर प्रमाण कमी करतात किंवा औषध बदलतात.

खुर्चीत आणखी एक गैरसमज हमखास होतो. दुखण्याची खबर नेणारे तंतू बारीक असतात, ते लवकर बंद होतात. दाबाचे तंतू जाड, ते बऱ्याच अंशी चालू राहतात. त्यामुळे दाढ हलवताना रेटा कळतो, जबडा ओढल्यासारखा वाटतो, आणि हाड कापणाऱ्या यंत्राचा आवाज तर कवटीभर घुमतो. 'भूल चढलीच नाही' असं वाटून माणूस आणखी ताठरतो. दाब जाणवणारच. टोकदार दुखलं तर मात्र डावा हात वर करायचा आणि डॉक्टरने थांबायचं, एवढं सुरुवातीलाच ठरवून घ्यावं. हात वर केला की काम थांबतं हे एकदा अनुभवलं की निम्मी धास्ती तिथेच ओसरते.

गाल टम्म सुजलेला असताना डॉक्टर बऱ्याचदा आधी प्रतिजैविकं देऊन चार दिवसांनी बोलावतात. पू झालेल्या जागेत आम्लता वाढलेली असते आणि तिथे लिग्नोकेन नीट काम करत नाही. त्या अवस्थेत दाढ ओढून घेतलेल्यांचे अनुभवच गावभर भीती पसरवत फिरतात.

झोपवावं लागतं तेव्हा

चारही दाढा एकदम काढायच्या असतील, दाढ हाडात खोल असेल, तोंड पुरेसं उघडत नसेल किंवा भीती इतकी की खुर्चीत बसणंच अशक्य, तर पूर्ण भुलीचा विचार होतो. त्याआधी एक मधली पायरी आहे : धास्ती कमी करणारी गोळी, किंवा वेल्सने हुंगला तोच वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून. तो सगळ्या दवाखान्यांत मिळत नाही.

पूर्ण भूल रुग्णालयातच, आणि ती देणारा भूलतज्ज्ञ डॉक्टर वेगळा असतो. दाढ कोण काढतंय याइतकंच भूल कोण देतंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. तो डॉक्टर शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाला सोडून जात नाही. ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख पडद्यावर सतत दिसत असतो. कोरोनात गावोगाव पोचलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर हे त्यातलंच एक यंत्र. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की ओठ निळे पडायच्या आधीच ते ओरडतं. निरोगी माणसाचा केवळ भुलीमुळे मृत्यू होणं ही आता लाखात एखादी, किंवा त्याहूनही विरळ, गोष्ट मानली जाते.

उपाशी यायचं की जेवून?

इथे तालुक्यात मोठा घोळ होतो. 'ऑपरेशन आहे' म्हणून माणूस पहाटेपासून पोटात काही न घालता येतो, दुपारी नंबर लागतो, आणि सुई पाहताच घेरी येऊन खुर्चीत कोसळतो. घरच्यांना वाटतं, भूल जास्त झाली. औषध तर अजून टोचलेलंही नसतं. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि भुकेलं शरीर लवकर हार मानतं. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की माणूस थोड्या वेळात डोळे उघडतो.

सुश्रुतानेही शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावं, म्हणजे तो मूर्च्छित होत नाही, आणि पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य द्यावं, असं लिहून ठेवलं आहे; मुखरोगांसारख्या काही शस्त्रकर्मांत मात्र उपाशीपोटीच, असा अपवादही त्यानेच सांगितला. आजचा नियम भुलीच्या प्रकारावर ठरतो. नुसती बधिर करणारी सुई असेल तर हलकं जेवून, मधुमेहाची आणि रक्तदाबाची रोजची गोळी घेऊन यावं. पूर्ण भूल असेल तर ६ तास अन्न नाही आणि २ तास पाणीही नाही, कारण बेशुद्धीत उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते. गोळ्यांचं भूलतज्ज्ञाला विचारावं. मद्य कुठल्याच वेळी चालत नाही. एकादशी धरणाऱ्यांनी तारीख घेतानाच तसं सांगावं.

डॉक्टरला काय सांगायचं

पहिलं वाक्य हेच : "मला भीती वाटते." त्यापुढचा प्रश्न डॉक्टर विचारतील : कशाची? सुईची, आवाजाची, रक्ताची, की मागे कधी दुखलं होतं त्याची? प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे. सुईची भीती असेल तर आधी बधिर करणारा मलम, आवाजाची असेल तर कानात गाणी, रक्ताची असेल तर डोळ्यांवर कापड, मागचा अनुभव वाईट असेल तर जास्त वेळ आणि गरज पडली तर गोळी. मागे कधी घेरी आली असेल तर आडवं झोपवूनच सुई देतात.

मग लपवली जाणारी बाकीची माहिती. तंबाखू, मिश्री, मावा किती; महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुपारीने आखडलेली तोंडं कमी झालेली नाहीत, आणि तीन बोटं मावत नसतील तर काम अवघड होतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे का. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. दमा, दिवस गेलेले असणं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला असणं, हेही. सून सासूसमोर आणि पोरगा बापासमोर यातलं काही बोलत नाही. अशा वेळी डॉक्टरने सोबत्याला थोडं बाहेर बसवावं.

दाढ निघाल्यावर

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि पहिला दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच तिथलं नैसर्गिक मलम. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून दाढदुखीपेक्षाही वाईट ठणका लागतो. तंबाखू आणि बिडीने हा धोका वाढतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याने हळूच चूळ भरावी. आठवडाभर ऊस, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. दूधभात, ताकातली कण्यांची पेज चालते. ओठ बधिर असेतो गरम चहा नको, चटका बसला तरी कळत नाही. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते त्या आठवड्यात दाढ काढायचा बेत आखू नये. तिसऱ्या दिवशी ठणका लागला तर त्या गर्दीतून दवाखाना गाठणं मुश्किल होतं.

भुलीबद्दलचं तुमचं ऐकून घ्यायला ज्या डॉक्टरकडे वेळ नाही, त्याच्याकडे दाढ काढायची घाई करू नये; शेवटची दाढ सहसा आठवडाभर थांबते. थांबत नाही ती एकच अवस्था : ताप, जबड्याखाली पसरत जाणारी कडक सूज, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला होणारा त्रास. तिथे सुईची भीती बाजूला ठेवून त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं.